बुद्धत्व

बुद्धत्व : बौद्ध धर्मातील सर्वोच्च ज्ञानावस्था. ‘बुध्’ (जाणणे, जागे होणे) या धातूपासून ‘बुद्ध’ हा शब्द सिद्ध झाला असून तो मूलतः व्यक्तिनाम नसून उपाधी आहे. ही अवस्था कोणास व कशी प्राप्त होते, याविषयी बौद्ध संप्रदायांत मतभिन्नता आढळते.

थेरवादानुसार सम्यक्‌संबुद्ध स्वप्रयत्नाने सत्य शोधून लोकांस उपदेशितो. प्रत्येकबुद्ध ते शोधतो, परंतु धर्मशासन प्रवर्तित करीत नाही. अर्हत् बुद्धाच्या उपदेशाने मुक्त होतो. एका काळी एकच सम्यक्‌संबुद्ध होत असल्याने सामान्य साधकाचे ध्येय अर्हत्पद हेच ठरते. महायानाने मात्र सर्व जीवांच्या कल्याणासाठी बुद्धत्व मिळविणे हे बोधिसत्त्वाचे ध्येय मानले. दान, शील इ. पारमितांच्या अनेक जन्मांतील आचरणाने ते साध्य होते. या पंथाने धर्मकाय, संभोगकाय व निर्माणकाय असे बुद्धाचे त्रिकाय कल्पिले. वज्रयानानुसार मंत्र, मंडल व गुरुदीक्षा यांच्या साहाय्याने याच जन्मी बुद्धत्व प्राप्त होऊ शकते.

या विचारपरिवर्तनाचे प्रतिबिंब महाराष्ट्रातील लेण्यांत दिसते. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या चैत्यगृहात (इ. स. पू. दुसरे शतक) मूर्तिविरहित स्तूप आहे, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील २६ क्रमांकाच्या चैत्यगृहात स्तूपावरच बुद्धमूर्ती कोरलेली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथे कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत. तेथे प्रारंभी हीनयानी भिक्षूंची वस्ती होती. पुढे दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास वज्रयान तेथे रुजले. त्याची साक्ष अक्षोभ्य व महाचंडरोषण यांच्या मूर्ती देतात. कालांतराने तेथे नाथ संप्रदायाचा प्रभाव वाढला. म. ना. देशपांडे यांनी या लेण्यांचा सविस्तर अभ्यास केला.

आधुनिक काळात धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी पाली साहित्याच्या आधारे बुद्धाचे मानवी, ऐतिहासिक चरित्र मराठी वाचकांपुढे मांडले. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, त्या डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द बुद्ध अँड हिज धम्म या ग्रंथात बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, असे प्रतिपादन आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार होय, ही समजूतही त्यांनी दीक्षाप्रसंगीच्या प्रतिज्ञांत नाकारली. लोकोत्तर बुद्धाची महायानी कल्पना व हे प्रतिपादन यांत मोठे अंतर आहे; तथापि बुद्ध हा सृष्टिकर्ता ईश्वर नव्हे, याविषयी थेरवाद व महायान यांचे एकमत आहे आणि आंबेडकरांची भूमिकाही त्याहून वेगळी नाही.