'२.१४ सापडत नाही' : एका एररचा इतिहास

तुम्ही लॅपटॉपवर प्रोग्रॅम तयार केलात, विभागातल्या जुन्या सर्व्हरवर नेलात आणि तो सुरूच झाला नाही. स्क्रीनवर एवढंच दिसलं, की 'जीलिबसी २.१४' सापडत नाही. संशोधनाच्या पहिल्या वर्षात हा एरर बहुतेकांना भेटतो. मलाही भेटला. पण नेमकं २.१४च का? त्याची ही गोष्ट.

जीलिबसी ही लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी. जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो. तिच्यात 'मेमकॉपी' नावाचं एक साधं फंक्शन आहे, मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारं. १९८९ च्या सी प्रमाणकानुसार त्याला एक अट आहे: मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर चढलेल्या नकोत. तशा असतील तर 'मेममूव्ह' वापरायचं.

अट का, ते कागदावर करून बघा. चार घरांत क, ख, ग, घ लिहा. आता ख, ग, घ एकेक घर डावीकडे सरकवायचे आहेत. डावीकडून सुरुवात केलीत तर पहिल्या तीन घरांत 'ख ग घ' येतं. उजवीकडून केलीत तर 'घ घ घ'! जुनं मेमकॉपी सहसा पुढून मागे जायचं, म्हणून अट मोडणाऱ्यांचंही बऱ्याचदा निभावून जायचं.

२०१० मध्ये नव्या इंटेल प्रोसेसरांसाठी मेमकॉपी वेगवान करण्यात आलं. त्यात काही वेळा ते मागून पुढे कॉपी करू लागलं. नोव्हेंबरमध्ये फेडोरा १४ आलं, आणि ६४-बिट फ्लॅश प्लगइनमधून गाणी ऐकणाऱ्यांना आवाज खरखरीत, फाटका येऊ लागला. खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी शोध घेतला तो असा: पुढून कॉपी करणारं स्वतःचं छोटं मेमकॉपी लिहिलं आणि 'एलडी प्रीलोड' वापरून फक्त तेवढं एक फंक्शन बदललं. आवाज सुधारला. बाकी काहीच बदललं नव्हतं, म्हणून कारण पक्कं झालं.

मग वाद पेटला. लायब्ररीची बाजू म्हणे, नियम फ्लॅशने मोडला, आमची चूक नाही. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं, वापरणाऱ्याला नियमाशी काय देणंघेणं? त्याचं चालू असलेलं बिघडलं. २०११ मध्ये आलेल्या २.१४ आवृत्तीत तोडगा निघाला: मेमकॉपीच्या दोन आवृत्त्या. जुन्या प्रोग्रॅमना सुरक्षित, मेममूव्हसारखी. नव्याने तयार होणाऱ्यांना वेगवान. तुमचा प्रोग्रॅम ही नवी मागतो, आणि जुन्या सर्व्हरवर, उदाहरणार्थ २.१२ असलेल्या सेंटओएस ६ वर, ती नसते. झाला एरर.

यावर उपाय म्हणून सोर्समधून नवी जीलिबसी तयार करून थेट सिस्टीमवर बसवायचा मोह होईल. कृपया नको. गडबड झाली तर 'एलएस'सुद्धा चालणार नाही. प्रोग्रॅम जुन्या सर्व्हरवरच पुन्हा कंपाइल करणं सगळ्यात सोपं. लायब्ररी अभ्यासायचीच असेल तर सोर्सच्या बाहेर वेगळी बिल्ड डिरेक्टरी करा (सोर्सच्या आत ती कॉन्फिगर होतच नाही), इन्स्टॉल करू नका, आणि तिथल्या 'टेस्टरन' स्क्रिप्टने फक्त आपला प्रोग्रॅम तिच्यावर चालवून बघा.

आता मुद्द्याचं. फ्लॅशचा कोड आधी 'चालत' होता, पण बरोबर नव्हता. फाटका आवाज निदान कानाला कळतो. तुमच्या प्रबंधातल्या तक्त्यात एखादा आकडा असाच बिघडला तर तो कोणाला ऐकू येणार? म्हणून तीन सवयी आत्ताच लावून घ्या. प्रत्येक निकालासोबत लायब्ररीची आवृत्ती लिहून ठेवा. कोड एकदा तरी व्हॅलग्राइंडखाली चालवा. एकमेकींवर चढलेल्या जागा ते पकडतं. आणि काही बिघडलं, तर एका वेळी एकच गोष्ट बदला.

'माझ्याकडे तर चालतंय' हे उत्तर गाइडला देण्याआधी फेडोरा १४ आठवा.