शिलेदाराचं घोडं आणि चंद्याची पेटी

मार्गशीर्ष सरत आला की आपल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते. देवस्वारी निघते, येळकोटाचा गजर होतो, भंडारा उधळला जातो आणि माळावर घोड्यांचा बाजार बसतो. जाणता गिऱ्हाईक आधी दात बघतो, म्हणजे वय कळतं. मग खूर बघतो आणि शेवटी घोडं चालवून बघतो. रवाल चालीच्या घोड्याला मागणी फार, कारण त्या चालीत स्वाराच्या पोटातलं पाणी हलत नाही. ही चाल घोड्याच्या अंगात असते, पण तिला वळण लावावं लागतं. आज त्या वळणाची आणि त्यामागच्या हिशोबाची गोष्ट सांगतो.

आपला मुलूख घोड्यांच्या टापांखालचाच. 1760 साली आपल्या उदगीरला मराठ्यांनी निजामाला हरवलं. त्या काळी स्वार दोन तऱ्हेचे असत, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडं सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचं घोडं आणि स्वतःची हत्यारं घेऊन येई. म्हणून त्याला पगार जास्त, मानही जास्त. शिवाजी महाराजांच्या पागेत 25 बारगिरांवर एक हवालदार असे, आणि त्या 25 घोड्यांमागे एक नालबंद, एक पखाली. महाराजांचा भर पागेवर होता, शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीत ठेवलं होतं. कारण उघड आहे: घोडं ज्याचं, शब्द त्याचा.

शिलेदाराच्या मानाला दुसरी बाजूही होती. घोडं पडलं की त्याची सारी पुंजी गेली. काल शिलेदार, आज दुसऱ्याच्या घोड्यावरचा बारगीर. म्हणून तो घोड्याला जिवापाड जपे. शिंगरू लहान असतानाच अंगावरून हात फिरवायचा, मोहरकीची सवय लावायची. मोठं झालं की लांब दोरीवर गोल फिरवायचं, मग पाठीवर नुसतं कापड, मग खोगीर, आणि सगळ्यात शेवटी माणूस. घाई केली की घोडं बुजतं, आणि बुजलेलं घोडं रणात स्वाराला पाडतं. हे काम करणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. नाव चाबकाचं, पण खरं काम धीराचं.

पुढे निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज आली. शिपाई हिंदी, वरचे अधिकारी इंग्रज. हिंगोलीला तिची छावणी होती आणि मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, घोडदळ असे. दोन रीती इथं समोरासमोर आल्या. आपला स्वार एका हातात लगाम धरी, कारण दुसऱ्या हातात भाला. बसायला कापूस भरलेलं मऊ खोगीर. भरधाव घोडं जागच्या जागी वळवण्यात आपला हातखंडा. इंग्रजी रीतीत चामड्याचं सपाट जीन, आणि दुडक्या चालीत रिकिबीवर भार देऊन तालात उठायचं-बसायचं, म्हणजे लांबच्या मजलेत घोड्याच्या पाठीला त्रास कमी. आपल्या स्वारांनी ती कवायत शिकली. इंग्रजांनीही भरधाव जाताना जमिनीतला खुंटा भाल्यानं उपटायचा खेळ आपल्याकडून उचलला.

पण आम्हाला सगळ्यात भावली ती चंद्याची पेटी. अशा शिलेदारी रिसाल्यांत चंदा फंड असे. प्रत्येक स्वार दरमहा थोडे पैसे घाली. कुणाचं घोडं मेलं की त्या पैशातून दुसरं घेतलं जाई. एकट्याला न पेलणारा घाटा सगळ्यांनी मिळून पेलायचा. मैत्रिणींनो, हे ओळखीचं वाटतं ना?

1903 साली हे रिसाले इंग्रजांच्या हिंदी सैन्यात गेले. 14 जुलै 1916 रोजी डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी फ्रान्समध्ये मशीनगनच्या तोंडावर घोडे घातले. महायुद्धानंतर शिलेदारीची रीत संपली. डेक्कन हॉर्स आजही आहे, पण तिच्याकडे आता रणगाडे आहेत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात मात्र घोडे अजून मानानं सांभाळले जातात, हल्लाबोलच्या मिरवणुकीत निघतात.

बाकी घोडं आपल्या जिभेवर राहिलं. खोगीरभरती, अडेलतट्टू, तोंडात तोबरा, वरातीमागून घोडं. पण इतिहासात नाव स्वाराचं राहिलं. मोहिमेवर मोतद्दार होता. घरी मात्र चंदी कुणी भिजवली, लीद कुणी काढली, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आज आपल्या दारात घोडं नाही, शेळी आहे, म्हैस आहे. वैरण आपण घालतो, धार आपण काढतो, रात्री म्हैस अडली तर कंदील घेऊन आपणच बसतो. मग डेअरीचं खातं कुणाच्या नावावर? जनावराचा विमा कुणाच्या नावावर? म्हैस मेली तर भरपाई कुणाच्या हातात पडणार? कष्ट आपले आणि नाव दुसऱ्याचं असेल, तर आपण बारगीरच.

चंद्याची पेटी आपल्याकडे आहेच, दर महिन्याला आपण ती भरतो. आता पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या गोठ्यातल्या जनावराचा कागद घेऊन यावा आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचावं. ज्या कागदावर आपलं नाव नाही, त्याच्यावर बोलणं तिथूनच सुरू करू.

येळकोट येळकोट जय मल्हार.