कुटुंबाचे न सांगितलेले कार्य

समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कुटुंबाचे मुख्य प्रकार दोन : संयुक्त आणि विभक्त. कार्ये चार : प्रजनन, संगोपन, संस्कार आणि आर्थिक आधार. आमचा विद्यार्थी हे पाठ करतो, परीक्षेत लिहितो. पण त्याचे स्वतःचे घर त्या पानावर त्याला सापडत नाही.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली संयुक्त कुटुंबाची व्याख्या केली : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक पूजा. ज्याच्याकडे जमीनजुमला आहे त्याच्या वाड्याला ती चपखल बसते. गावकुसाबाहेर सामाईक ठेवायला होते काय? पूर्णेचेच पाहा. निझामाच्या काळात गोदावरी व्हॅली रेल्वे आली, गाव जंक्शन झाले. बलुत्याच्या भाकरीला विटलेल्या माणसाला रुळावर रोख मजुरी दिसली. रेल्वेच्या एका खोलीत नवरा, बायको, मुले. म्हणजे कागदावर विभक्त कुटुंब. पण पगारातला वाटा गावाकडच्या म्हाताऱ्या आईला जायचा आणि भावाचा पोरगा शाळेसाठी त्याच खोलीत झोपायचा. चुली दोन, कमाई एक. हा प्रकार कोणता?

याहून मोठी उणीव कार्यांच्या यादीत आहे. तिच्यात जात नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी निबंध वाचला. जातीचा प्राण जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहात आहे, हे त्यांनी दाखवून दिले. जात बंदिस्त ठेवायची तर नवरा मेलेली बाई 'जादा' ठरते. मग तिला जाळा किंवा वैधव्यात कोंडा. बायको मेलेल्या पुरुषाला कोवळी पोर द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे या हिशेबाचे तीन उपाय. म्हणजे जात राखणे हे येथील कुटुंबाचे पहिले कार्य आहे.

शूद्र-अतिशूद्रांत विधवेला वाट होती. तिला पाट म्हणत, मोहतूर म्हणत. पण तिलाही उतरंड लावली गेली. पहिले ते लग्न, दुसरा तो पाट. तो रात्रीचा, गाजावाजा न करता. पेशवाईत त्यावर 'पाटदाम' नावाचा कर होता. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने उच्चवर्णीय विधवेला वाट मोकळी केली, पण पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने हाच नियम पाटाची चाल असलेल्या जातींनाही लागू केला. एकाची सुधारणा दुसऱ्याला दंड झाली. पुढे आपल्यापैकीही काहींनी पाट बंद करून स्वतःला कुलीन म्हणवून घेतले.

डिसेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाने भटाविना लग्न लावले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या मांडवातून होम आणि सप्तपदी गेली, बुद्धवंदना आली. ही क्रांतीच होय. परंतु विधी बदलला म्हणून सोयरीक बदलली काय? स्थळ पाहताना पोटजात विचारणारे आणि नोकरदार मुलाचा हुंडा ठरवणारे घर पंचशील म्हणत असले तरी जुनेच कार्य करीत असते. देशभरातील २०११-१२ च्या एका मोठ्या कुटुंब-पाहणीत आंतरजातीय विवाह सुमारे ५ टक्केच आढळले.

हे बंधन मोडल्याच्या नुसत्या संशयाची किंमत कोण देतो? २०१४ साली नगर जिल्ह्यातील खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याचा संशय एवढेच निमित्त. २०१७ साली सर्व आरोपी निर्दोष सुटले.

म्हणून शिक्षक मित्रांना सुचवावेसे वाटते : 'कुटुंबाची कार्ये' हा धडा शिकवताना विद्यार्थ्यांना वही देऊन आपापल्या वस्तीत पाठवा. तीन पिढ्यांत कोणाची सोयरीक कोठे झाली, पाट कोणाचा लागला, विधवेला काय मिळाले, पोटजातीबाहेरची सून कोणी आणली, हे त्यांनी लिहून आणावे. सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. त्या वह्यांतून निघेल तोच आपला कुटुंबाचा इतिहास.