दुसऱ्या बॅटरीची जागा

रेल्वेच्या फलाटावरून पलीकडच्या रुळावर उभ्या असलेल्या प्रवासी गाडीकडे पाहा. बऱ्याच डब्यांच्या पोटाखाली मोठ्या पेट्या टांगलेल्या दिसतील. त्यांत बॅटऱ्या असतात. त्या डब्याच्या आत, एखाद्या कपाटात का ठेवत नाहीत? या साध्या प्रश्नामागे बराच मोठा अनुभव आहे. आज रुग्णवाहिका, फिरते दवाखाने, मुक्कामाच्या सोयी असलेल्या गाड्या यांत इंजिनाच्या बॅटरीखेरीज दुसरी बॅटरी बसवतात. दिवे, पंखे, शीतपेटी तिच्यावर चालतात. पुष्कळदा ती माणसे बसतात तिथेच, आसनाखाली ठेवली जाते. म्हणून हा अनुभव आपण पुन्हा तपासून पाहू.

घट गाडीत आला

१८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी शिशाचे पत्रे सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवून पुन्हापुन्हा चार्ज करता येणारा घट तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन त्याची साठवणक्षमता वाढवली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लंडन-ब्रायटन मार्गावरच्या एका पुलमन डब्यात फोर यांच्या घटांवर विजेचे दिवे लागले.

त्या काळी डब्यांत तेलाचे किंवा वायूचे दिवे असत. अपघात झाला की दिव्यांसाठी साठवलेला वायू पेट घेई. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे झालेल्या अपघातात दोनशेहून अधिक माणसे मेली. आग भडकण्यात या वायूचा मोठा वाटा होता. विजेच्या दिव्यांची निकड अशा घटनांनी पटवून दिली.

सोय मात्र आधीच तयार होती. १८९० च्या दशकात लंडनच्या जे. स्टोन कंपनीने चाकांच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा डायनॅमो आणि जोडीला बॅटरी अशी रचना आणली. गाडी धावताना डायनॅमो बॅटरी चार्ज करी आणि गाडी थांबली की बॅटरी दिवे पेटते ठेवी. आजच्या दुसऱ्या बॅटरीचे काम नेमके हेच आहे. घट जड, आतले आम्ल सांडणारे आणि चार्जिंगच्या अखेरीस वायू सोडणारे. तेव्हा त्यांची जागा डब्याखालच्या हवेशीर पेटीत ठरली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, तशी मोटारीलाही बॅटरी अत्यावश्यक झाली. पुढे बहुतेक मोटारींत ती इंजिनाशेजारी, बॉनेटखाली स्थिरावली.

पाणबुडीचा धडा

पाणबुडीला ही सोय नव्हती. तिथे बॅटरी आणि माणसे एकाच बंद कवचात. समुद्राचे पाणी शिसे-आम्ल घटांत शिरले तर विषारी क्लोरीन वायू तयार होई. एडिसन यांच्या निकेल-लोखंड घटात आम्लाऐवजी अल्कली असते, त्यामुळे क्लोरीनचे भय नाही, म्हणून अमेरिकेच्या नौदलाने ई-२ या पाणबुडीत हे घट बसवले. १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या गोदीत बॅटरीचे काम चालू असताना त्या पाणबुडीत स्फोट झाला आणि माणसे दगावली. कारण होते साठलेला हायड्रोजन. क्लोरीनचा धोका टळला होता; हायड्रोजनकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नव्हते.

गणित काय सांगते?

हा हायड्रोजन येतो कोठून? घट पूर्ण चार्ज झाल्यावरही प्रवाह चालू राहिला, तर पाण्याचे विघटन होते. किती वायू सुटेल हे फॅरडे यांच्या नियमावरून काढता येते. एक अँपियर-तास म्हणजे ३६०० कूलोम. हायड्रोजनचा एक मोल मिळवायला २ × ९६,५०० कूलोम लागतात. म्हणून एका अँपियर-तासाला ३६०० ÷ १,९३,००० = ०.०१८७ मोल, म्हणजे प्रमाण तापमान-दाबाला सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट असतात. एकूण अडीच लिटर.

आता आसनाखालच्या बंद पेटीत ५० लिटर हवा आहे आणि जास्तीचा ५ अँपियर प्रवाह चालू आहे असे समजा. तासाला साडेबारा लिटर हायड्रोजन सुटेल. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की मिश्रण पेट घेऊ शकते. पन्नास लिटरचे ४ टक्के म्हणजे फक्त दोन लिटर, आणि तेवढा वायू जमायला दहा मिनिटे पुरतात! मग रिलेची एक ठिणगीही पुरे.

‘बंद’ म्हणजे किती बंद?

१९५७ साली जर्मनीत ओटो याखे यांनी आम्लाची जेली करून न सांडणारा घट तयार केला. १९७० च्या दशकात अमेरिकेत काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून धरणारे घट आले. त्यांत धन पट्टीवर सुटलेला ऑक्सिजन गादीतून ऋण पट्टीकडे जातो आणि तिथे त्याचे पुन्हा पाणी होते. आसनाखाली ठेवायला हेच घट योग्य. तरीही त्यांना एक झडप असते. चार्जिंगचा दाब, म्हणजे व्होल्टेज, फार वाढले तर ती उघडते आणि वायू बाहेर येतो. म्हणून बंद बॅटरीलाही हवेशीर जागा हवी. साधी बॅटरी आत ठेवायचीच असेल, तर तिची पेटी घट्ट बंद असावी आणि वायू नेणारी नळी गाडीबाहेर काढावी.

उरलेले नियमही याच अनुभवातून आले. बॅटरीचा अंतर्गत रोध जेमतेम ०.०१ ओहम असतो. तेव्हा शॉर्टसर्किट झाले तर क्षणभर हजारभर अँपियर प्रवाह वाहू शकतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये बॅटरी मागच्या आसनाखाली असे. वरचे झाकण नसले तर आसनाच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकून आग लागू शके. म्हणून धन टर्मिनल झाकलेले हवे. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या तारेत दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, कारण ही तार मध्ये कुठे चेपली तर प्रवाह दोन्हीकडून येतो. इंजिन बंद होताच दोन्ही बॅटऱ्या अलग करणारा रिले हवा. आणि बॅटरी गाडीच्या सांगाड्याला पट्टीने आवळलेली हवी. ब्रेक लागल्यावर वीस किलोचे शिसे जागेवर राहत नाही.

अलीकडे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या वापरतात. १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने हा पदार्थ पुढे आणला. नेहमीच्या चार्जिंगमध्ये त्यातून हायड्रोजन सुटत नाही. पण अंतर्गत रोध कमी असल्याने ती इंजिनाच्या अल्टरनेटरकडून इतका प्रवाह ओढू शकते, की तोच तापून बिघडतो. शिवाय बिघडलेल्या घटातून ज्वलनशील वायू निघू शकतात. प्रवाहावर मर्यादा घालणारा चार्जर आणि घटांवर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल म्हणूनच लागते. ‘आता वायूचे भय नाही’ असे म्हणून निश्चिंत होणे ही १९१६ चीच चूक ठरेल.

शिक्षकांनी वरचे गणित दहावी-बारावीच्या वर्गात जरूर घ्यावे. पेटीचे आकारमान आणि प्रवाह बदलून किती मिनिटांत ४ टक्क्यांची मर्यादा गाठली जाते ते विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. ते फळ्यावरच करावे, बॅटरीजवळ ठिणगी पाडून नव्हे. मग गावातल्या रुग्णवाहिकेच्या चालकाला विचारून त्या गाडीतली दुसरी बॅटरी कुठे आहे आणि तिचा वायू कुठे जातो, हे मुलांना पाहू द्यावे.