घाटवाटा आणि दुचाकी

कल्याण बंदर आणि घाटमाथा यांचें नातें सातवाहनांच्या काळापासूनचें आहे. व्यापाऱ्यांचे तांडे नाणेघाट चढून जुन्नरास जात. पुढें आगगाडी आली, १८५३ सालीं ठाण्यास व १८५४ सालीं कल्याणास, आणि चढणीचे कष्ट सरले. मग आज ठाणें-डोंबिवलीचे तरुण सुटीच्या पहाटे सायकलीवरून माळशेजची वाट कां धरतात?

ही हौस नवी नव्हे. आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे पारशी तरुण १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून निघाले आणि साध्या सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ च्या मार्चांत परतले. खास डोंगरी सायकल मात्र निपजली ती १९७० नंतर, कॅलिफोर्नियांत. तेथील मंडळी जाड धावांच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून खालीं सुटत. उतारानें ब्रेकांतील ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. म्हणून १९७६ सालीं सुरू झालेल्या शर्यतीस ‘रिपॅक’ हें नांव पडलें. १९९६ सालीं हा खेळ ऑलिंपिकांत पोंचला.

श्रम वांचविण्यासाठीं माणसानें चाक केलें. श्रमाच्याच गोडीनें तो त्यावर बसून डोंगर चढतो. परंतु येऊरचें रान राष्ट्रीय उद्यानांत मोडतें, आणि तेथें पहिला हक्क बिबट्याचा. श्रोतेहो, वाट हवी असेल तर रानही राखलें पाहिजे.