सागवानी खिडकीची चौकट नेमकी कुठून कुजते?

नाशिकच्या सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा बघताना एक प्रश्न पडतोच. जुन्या वाड्यांचं सागवानी काम शतकभराहून जास्त टिकतं, मग आपल्या घरातली चौकट दहा-पंधरा पावसाळ्यांत पोकळ कशी होते?

लाकूड वयामुळे कुजत नाही. त्याला बुरशी खाते आणि बुरशीला पाणी लागतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल, तर ती वाढूच शकत नाही. (वाळवीचं प्रकरण वेगळं, पण ओलसर लाकूड तिलाही आवडतं.)

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे जमिनीत अर्धे पुरून ते किती महिने टिकतात हे बघितलं जातं. सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकलं तर पहिला वर्ग. साग त्यात बसतो, आंबा ६० महिन्यांच्या आतल्या तिसऱ्या वर्गात. पण हा मान सागाच्या गडद गाभ्याचा. बुरशीला आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं गाभ्यात असतात, बाहेरच्या फिकट लाकडात नाहीत. कोवळ्या झाडांत हा फिकट भाग जास्त. म्हणजे दुकानदार नुसतं 'सागवान आहे' म्हणाला, तरी रंग बघूनच घ्या.

कुजायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा खालच्या दोन कोपऱ्यांत. लाकडाची कापलेली टोकं तिथे सांध्यात असतात आणि ती पाणी भराभर शोषतात. नाशिकच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, सांध्यावरचा रंग तडकतो. जूनमध्ये त्या फटीतून पाणी आत जातं आणि ऑइलपेंटमुळे बाहेर पडत नाही. वरून चकचकीत, आत भुसा! वाड्यांत छपराची लांब वळचण पाऊस अडवायची आणि चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीची ओल निघून जायची. सिमेंटच्या गिलाव्यात ती तितकी सहज निघत नाही.

पुराचंही तसंच. २००८ आणि २०१६ मध्ये गोदावरीचं पाणी जुन्या नाशकात शिरलं. एकदा भिजलेला साग नीट वाळला तर वाचतो. ओल्यावरच रंग मारला की ओल आत कोंडते.

तपासायचं असेल तर खालच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर टोचा. सहज रुतला तर कूज आहे. पण लगेच ॲल्युमिनियमवाल्याला फोन करू नका. बऱ्याचदा खालचा वीतभर भागच गेलेला असतो. चांगला सुतार तेवढाच कापून वाळलेल्या सागाचा तुकडा जोडून देतो.