धर्मभगिनींचें ऋण

सवॉय प्रांतांतील आन्सी नगरांतून संत योसेफाच्या भगिनी १८४९ सालीं पूर्व किनाऱ्यावर यानम येथें उतरल्या. पुढें त्याच संघाच्या शाळा कामठीस व नागपुरांत उभ्या राहिल्या. मुलीला शिकविणें बहुतेक घरांस व्यर्थ वाटे, त्या काळीं त्यांनीं तिच्या हातीं पाटी दिली. १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्याच्या उभारणींत या कन्याशाळांचा वांटा मोठा आहे.

आज भगिनींच्या शाळांत शिकविणाऱ्या बहुतेक शिक्षिका संसारी आहेत, आणि त्या उत्तम शिकवितात. परंतु फी न देऊं शकणाऱ्या मुलीकडे प्रथम पाहणारी दृष्टि व्रतस्थ जीवनानें शाळेस दिली. गांधीबागेंतील धर्मबंधुभगिनींनो, ती दृष्टि पुढें कोण राखणार? प्रभूनें आपल्याच घरची कन्या मागितली, तर आपण काय उत्तर देऊं? महोत्सवाच्या आनंदांत आम्ही हाच प्रश्न आपणांपुढें नम्रपणें ठेवितों.